थवा समोर आहे पण बांगडा लुअर घेत नाही, घेतला तर सुटतो आणि साबिकी दर वेळी गुंतते: तपासायचं कुठून

लुअर (खोटं आमिष) घेऊन बांगडा गरवायला जाणाऱ्यांची तक्रार जवळजवळ एकच असते आणि ती परत परत येते. थवा समोर दिसतोय, पाण्यावर खळबळ चाललीये, बाजूचा माणूस एका वेळी तीन-तीन काढतोय आणि आपल्या साबिकीला (एका दोरीवर बारीक लुअर लावलेले अनेक गळ आणि खाली शिसं, अशी तयार रिग) साधा टोला पण नाही. मग माणूस रंग बदलायला लागतो, गुलाबी काढून हिरवी लावतो, हिरवी काढून चंदेरी, आणि तेवढ्यात थवा निघून पण जातो. माझं स्पष्ट मत आहे की रंग ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी खोली, मग साइज, मग तंगूस किती जाड आहे ते, मग लुअर पाण्यात हलतोय कसा, आणि हे सगळं जागेवर असेल तरच रंग. या क्रमाने गेलात तर नेमकं काय चुकतंय ते थवा असेपर्यंत सापडतं.

इथे बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा, साधारण २५ सेंमीचा, फार तर ३५ पर्यंत जाणारा. अटलांटिकमधला बांगडा म्हणजे स्कॉम्बर स्कॉम्ब्रस, तो थोडा मोठा होतो, त्याला गळ मोठे चालतात पण बाकी सगळं हेच. सुरमई त्याच घराण्यातली असली तरी तिचं गणित पूर्ण वेगळं आहे, ते खाली वेगळं लिहिलंय.

खोली

बांगडा एका जागी थांबत नाही, त्याला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, तोंड उघडं ठेवून पुढे जात राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी जातं. म्हणजे तो तळाला बसून आमिषाची वाट बघणारा मासा नाही, थवा एका थरात फिरत असतो आणि तो थर दिवसभर वर-खाली होतो. पहाटे आणि संध्याकाळी वर, ऊन चढलं की खाली, ढग आले की परत मधे. अटलांटिकच्या बांगड्याला तर पोटात हवेची पिशवीच नसते, त्यामुळे तो एका दमात खोल जाऊ शकतो आणि तसाच वर येऊ शकतो. आता तुमची साबिकी साधारण दीड मीटर लांब, आणि मासे समजा सात मीटरवर, आणि तुम्ही ती तीन मीटरवर नाचवताय, तर कुठलाही रंग लावा, काय होणार?

उपाय सोपा आहे पण कंटाळा न करता करावा लागतो. शिसं तळाला लागेपर्यंत सोडा आणि मनात आकडे मोजा, एक, दोन, तीन, एकाच वेगाने. समजा तळ वीस आकड्यांवर लागला. मग पुढच्या वेळी पंधरावर थांबवून तिथे थोडं काम करा, मग दहावर, मग पाचवर. जिथे पहिला टोला आला तो आकडा लक्षात ठेवा आणि पुढची प्रत्येक टाक तिथेच थांबवा. शिशाचं वजन बदललंत तर आकडा पण बदलणार हे विसरू नका, लोक ४० ग्रॅम काढून ६० ग्रॅम लावतात आणि जुनाच आकडा मोजत राहतात. बोटीवरून सोडत असाल तर त्याहून सोपं, ठरावीक अंतरावर रंग बदलणारी ब्रेड (विणलेली लाइन) मिळते, किंवा मार्करने तंगूसवर खुणा करून ठेवा.

आणि थवा वर दिसतोय म्हणजे सगळे वरच आहेत असं समजू नका. वर खळबळ करणारे बऱ्याचदा लहान असतात आणि मोठे त्यांच्या खाली असतात. वरच्यांनी नाही घेतला तर दोन-तीन मीटर खाली जाऊन बघाच.

साइज, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

बांगड्याच्या तोंडात बघितलंत कधी नीट? कल्ल्यांच्या आतल्या बाजूला लांब लांब बारीक काट्यांची गाळणी असते. तो तोंड पूर्ण उघडून थव्यात पोहतो आणि पाण्यातलं प्लँक्टन गाळून खातो. लहान असताना तर तो जास्त करून तेच खातो, मोठा झाला की जवळ्यासारखी बारीक कोलंबी, कोलंबीची आणि माशांची पिल्लं यांच्याकडे वळतो. याचा सरळ अर्थ असा की तो ज्या वेळी गाळून खात असतो त्या वेळी तुमचा ५ सेंमीचा चकचकीत स्पून (चमच्यासारखा धातूचा लुअर) त्याच्या खाण्याच्या यादीतच नाही. तो स्पूनला बगल देऊन निघून जातो, आणि पाणी स्वच्छ असेल तर ते डोळ्यांना दिसतं पण, थवा दुभंगतो आणि स्पूनच्या मागे परत जुळतो. हे दिसलं की समजायचं साइज मोठी आहे.

तोंड उघडून संथ फिरणारा थवा दिसला की सगळ्यात लहान साबिकी लावायची, गळ ८ किंवा १० नंबरचा, त्यावर माशाच्या कातडीची नुसती एक बारीक पट्टी, फार पिसं नकोत, फार चमक नको. आणि मासे झेप घेऊन पिल्लांच्या मागे पळताना दिसले, बारीक मासळी पाण्याबाहेर उडताना दिसली, तर ४ किंवा ६ नंबरचा गळ, नाहीतर ७ ते १५ ग्रॅमचा बारीक लांबट मेटल जिग (धातूचा जड लुअर) किंवा स्पून. अटलांटिकच्या बांगड्याला पिसांच्या रिगवर १ ते २/० पर्यंतचे गळ सर्रास वापरतात, तेच रिग आपण इथल्या लहान तोंडाच्या बांगड्याला लावलं तर टोले भरपूर येतात आणि हाताला काही लागत नाही.

आता नंबरांचा घोळ. साबिकी हा मूळ जपानी प्रकार, आणि जपानी पाकिटावर गळाचा नंबर वाढला की गळ मोठा होतो. बाकीच्या पद्धतीत साध्या नंबरांत उलटं असतं, १० नंबर हा ४ नंबरपेक्षा लहान. म्हणजे एखाद्याने सांगितलं १० नंबर लाव आणि तुम्ही जपानी पाकिटावरचा १० बघून घेतला, तर तुम्हाला पाहिजे होता त्यापेक्षा बराच मोठा गळ हातात येतो. त्यामुळे नंबर वाचा पण विश्वास डोळ्यांवर ठेवा, गळ पाकिटातून दिसतो, त्याचं तोंड किती उघडं आहे ते बघा. जपानी पाकिटावर बऱ्याचदा तीन आकडे असतात, एक गळाचा, एक फांदीच्या (मुख्य दोरीतून बाजूला निघणारा, गळ असलेला आखूड तुकडा) तंगूसचा आणि एक मधल्या मुख्य तंगूसचा. त्यातले तंगूसचे आकडे असे वाचायचे: १ म्हणजे ०.१६५ मिमी, २ म्हणजे ०.२३५ मिमी, ४ म्हणजे ०.३३० मिमी. हे तीन आकडे वाचता आले की पाकीट न उघडता अर्धा निर्णय होतो.

फांदी किती जाड

स्वच्छ पाणी आणि कडक ऊन असेल तर ०.४० मिमीच्या फांदीवर बांगडा येता येता वळतो. तिथे ०.२० ते ०.२५ मिमीचं फ्लुरोकार्बन लावा, पाण्यातल्या प्रकाशाच्या हिशोबात फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळचं आहे (पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास), म्हणून ते कमी दिसतं. गढूळ पाण्यात, रात्री, किंवा थवा वेडा होऊन खात असताना याचा काही फरक पडत नाही, तेव्हा जाडच लावा, गुंता कमी होतो. हा मुद्दा गुंत्याच्या भागात परत येणार आहे कारण बारीक फांदीची किंमत तिथे मोजावी लागते.

हालचाल

बहुतेक लोक साबिकी गरजेपेक्षा जास्त झटकतात, म्हणजे रॉड सारखा वर खाली वर खाली. जवळा किंवा पिल्लं असं पळत नाहीत. रॉडचं टोक हळू अर्धा मीटर वर न्यायचं, मग शिशाचं वजन जाणवत राहील इतक्या सावकाश खाली आणायचं, आणि खाली आल्यावर दोन-तीन सेकंद काहीच करायचं नाही. टोला बहुतेक खाली येताना नाहीतर थांबल्यावर येतो. खाली आणताना तंगूस ढिला सोडलात तर टोला कळतच नाही आणि फांद्या मुख्य दोरीला गुंडाळतात ते वेगळंच. लाटेवर बोट हलत असेल तर रॉड नुसता स्थिर धरा, बोटच पुरेसं काम करते.

मेटल जिगचं उलटं आहे, त्याला वेग लागतो. फेकून खाली जाऊ द्या, मग एकसारखं जलद ओढा, मधेच एकदम थांबवा आणि पडू द्या. मागे येणारा मासा त्या पडण्यावर घेतो. मागे येऊन परत फिरत असेल तर वेग वाढवून बघा, कमी करू नका. हळू केलं की त्याला लुअर निरखायला वेळ मिळतो, म्हणून हे आधी करून बघायचं.

रंग

थोडक्यात. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मावळतो, पाचेक मीटर खालीच तो बराच फिका पडलेला असतो आणि अजून खाली काळपट दिसतो. चमक दिसायला वरून ऊन लागतं. म्हणून ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर कातडी किंवा चंदेरी, गढूळ पाण्यात पांढरं किंवा गुलाबी, अंधुक उजेडात किंवा खोलात ग्लो मणी असलेली साबिकी, तिला टॉर्च दाखवून चार्ज करायची. माझ्या मते यापेक्षा जास्त विचार रंगावर करायची गरज नाही.

साबिकी गुंतते

ही खरी डोकेदुखी. पहिल्या दोन वेळा छान जाते, मासे येतात, आणि तिसऱ्या वेळी हातात तंगूसचा गोळा. याची कारणं ठरलेली असतात आणि ती एकेक करून काढता येतात.

आधी बघा रिग उलटी तर लागली नाहीये ना. बऱ्याचशा तयार रिगना एका टोकाला नुसता स्विव्हल (फिरती कडी) असतो आणि दुसऱ्या टोकाला स्नॅप (उघडता येणारी कडी). स्विव्हल वर, रॉडकडे, आणि स्नॅप खाली, शिशाला. उलटी लावली की फांद्या बाहेर उभ्या राहायच्या ऐवजी मुख्य दोरीला चिकटून पडतात आणि गुंडाळायला लागतात. पाकिटातून काढताना वरचं टोक आधी अडकवायचं, रॉड कुठेतरी उभा टेकवायचा, मग एकेक गळ कार्डावरून सोडवत खाली यायचं आणि शेवटी शिसं लावायचं. सगळी रिग एकदम हातात घेऊन मग टोकं शोधायला गेलात तर गुंता पाण्यात जायच्या आधीच झालेला असतो.

दुसरं कारण म्हणजे शिसं हलकं. रिग सरळ राहते ती फक्त खालच्या वजनामुळे. वर तीन बांगडे तीन दिशांना ओढतायत आणि खाली २० ग्रॅम, तर मासेच रिग चालवणार. किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून ३० ते ६० ग्रॅम, बोटीवरून खोलात किंवा जोराच्या करंटला १०० ग्रॅम आणि वर, रॉडला झेपेल तेवढं. उधाणाच्या दिवसांत करंट जोरात असतो तेव्हा जड लावा, भांगाच्या दिवसांत थोडं हलकं चालतं. शंका असेल तर जड लावा. जास्त वजनाने टोले कमी होतात असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, शिसं खाली आहे आणि मासा घेतोय वरच्या गळांना.

शिशाच्या जागी खाली मेटल जिग लावायची पद्धत पण आहे, मोठा मासा जिगला आणि लहान साबिकीला. कल्पना चांगली आहे पण जिग खाली जाताना फडफडतो, गिरक्या घेतो, आणि रिग स्वतःभोवती फिरते. करायचंच असेल तर सरळ बुडणारा, मागच्या बाजूला जड असलेला जिग घ्या, त्याचा ट्रेबल (तीन टोकांचा गळ) काढून एकच गळ लावा आणि वर दोनपेक्षा जास्त फांद्या ठेवू नका.

तिसरं कारण फांदीची लांबी आणि दोन फांद्यांमधलं अंतर. स्वतः रिग बांधणाऱ्यांनी हे नीट बघा. दोन शेजारच्या फांद्यांची लांबी मिळवली तर त्यांच्यातलं अंतर त्या बेरजेपेक्षा जास्त पाहिजे. वरची फांदी १० सेंमी आणि खालची १० सेंमी असेल तर मधे कमीत कमी २२-२५ सेंमी ठेवायचं, म्हणजे वरचा गळ खाली लटकला आणि खालचा वर वळला तरी दोघं एकमेकांना पोचत नाहीत. सगळ्यात खालची फांदी आणि शिसं यात पण तसंच अंतर सोडा. फांदी १५ सेंमीच्या वर नेलीत की ती मुख्य दोरीला गुंडाळणारच. ५-७ सेंमीच्या आखूड फांद्या सगळ्यात कमी गुंततात.

मुख्य दोरी फांदीपेक्षा जाड आणि कडक पाहिजे. फांदी ०.२५ मिमी असेल तर मुख्य ०.४० ते ०.५० मिमी. ड्रॉपर लूप (दोरीच्या मधेच काढलेला फास) बांधून फांदी काढत असाल तर आवळायच्या आधी गाठ ओली करा, कोरडी आवळली की तंगूस तापतो आणि तिथेच अशक्त होतो. फांदी मुख्य दोरीला काटकोनात उभी राहिली पाहिजे, खाली वाकत असेल तर गाठ परत बांधा. मुख्य दोरीला मऊ नायलॉन वापरू नका, मऊ दोरीवर फांद्या काटकोनात उभ्या राहत नाहीत.

चौथी गोष्ट गळांची संख्या. सहा गळांची रिग घेतली म्हणजे सहा मासे येतील असं नसतं, आणि आले तर बांगडा ओढताना गोल गोल गिरक्या घेतो, सहा गिरक्या एका दोरीवर म्हणजे रिग संपली. मी तर सरळ सांगेन, सहाची रिग तिसऱ्या आणि चौथ्या फांदीच्या मधून कापा. वरच्या तुकड्याच्या खालच्या टोकाला स्नॅप बांधा, खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकाला स्विव्हल. एका पाकिटात दोन रिग झाल्या, आणि तीन गळांची रिग आखूड रॉडने पण आरामात उचलता येते. सहाची रिग दोन मीटरच्या रॉडला लावली की वर ओढताना स्विव्हल टोकाच्या रिंगला येऊन बसतो आणि शिसं अजून पाण्यातच, मग माणूस रिंगमधून जबरदस्तीने ओढतो आणि रॉडचं टोक मोडतं. लांब रिग वापरायची तर २.७ ते ३ मीटरचा रॉड पाहिजे.

पहिला मासा लागल्यावर काय करायचं यावर मतं वेगवेगळी असतात. लागलेला मासा धडपडतो, बाकीचे गळ हलतात आणि अजून मासे लागतात हे खरंय, पण जितकं थांबाल तितक्या गिरक्या वाढतात. तीन गळ असतील तर पाच-सहा मोजेपर्यंत थांबा आणि मग एकसारखं ओढा, मधे थांबू नका, ढील देऊ नका. वर आल्यावर रिग जमिनीवर टाकू नका. वरचा स्विव्हल कशात तरी अडकवून ठेवा, शिसं खाली लोंबकळत राहू द्या म्हणजे दोरी ताणलेली राहते, आणि तशीच एकेक मासा काढा. इतकं केलं तरी गुंता निम्म्याने कमी होतो.

एखादी फांदी कुरळी झाली, वळून मुख्य दोरीला चिकटली, तर ती बोटांनी ओढून सरळ होतेय का बघा, नाहीतर गळासकट कापून टाका. दोन चांगल्या फांद्या या तीन कुरळ्या फांद्यांपेक्षा जास्त मासे देतात. आणि मोठा गुंता झाला, थवा समोर आहे, तर सोडवत बसू नका. दुसरी रिग लावा. थवा थांबत नाही.

लागतो पण वर येताना सुटतो

बांगड्याच्या तोंडाची कड पातळ असते, गळ बऱ्याचदा नुसत्या पापुद्र्यात असतो. टोला बसला की झटका देऊन हुक मारायची सवय इथे नको, तंगूस ताठ असेल तर तो स्वतःच लागतो. ड्रॅग (रीळाचा ब्रेक) ढिला ठेवा, हाताने ओढल्यावर सहज सुटेल इतका. मुख्य लाइन ब्रेड असेल तर ती जवळजवळ ताणतच नाही, प्रत्येक धडपड सरळ त्या पापुद्र्यावर जाते, म्हणून ब्रेड आणि रिग यांच्यामधे तीन ते पाच मीटर ०.३५ मिमीचं नायलॉन घाला, ते लवचीक असतं आणि झटके खातं. रॉडचं टोक मऊ पाहिजे. मासा पाण्यातून बाहेर येताना सगळ्यात जास्त सुटतात कारण तिथे त्याचं वजन एकदम गळावर येतं, त्यामुळे पाण्याशी आलात की रॉड थांबवून परत झटकन उचलू नका, एकाच लयीत वर आणा.

टोले येतायत आणि काहीच लागत नाही, तर गळ नखावर टेकवून बघा. घसरला तर बोथट आहे. साबिकीचे गळ बारीक तारेचे असतात, एकदा दगडाला किंवा शिशावर आपटले की टोक वळतं आणि डोळ्याला दिसत पण नाही.

स्पूनमुळे तंगूसला पीळ

स्पून फिरतो, आणि त्याच्याबरोबर तंगूस फिरतो. काही वेळाने रीळावरून वेटोळी उडायला लागतात आणि फेकताना गाठ बसते. स्विव्हल लावलाय तरी होतंय अशी तक्रार असते तेव्हा स्विव्हल बघा, साधा बॅरल स्विव्हल हलक्या ताणावर फिरतच नाही, बॉल बेअरिंगवाला फिरतो. तो थेट स्पूनला लावू नका, स्पूनची चाल जाते, स्पूनच्या अर्धा मीटर वर लावा. आणि मासा ड्रॅग ओढून लाइन नेत असताना रीळ फिरवू नका, फिक्स्ड स्पूल रीळावर दर फेऱ्याला पीळ चढतो. चढलेला पीळ काढायचा तर चालत्या बोटीतून काहीही न लावता नुसती लाइन मागे सोडून द्यायची, थोड्या वेळाने ती आपोआप उलगडते, मग ताण ठेवून गुंडाळा.

रिग कापली जातेय

अख्खी साबिकी गेली, नुसता वरचा तुकडा हातात आला, तर ते टोक नीट बघा, त्यात उत्तर असतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटलीय. खरखरीत, कातरल्यासारखं पांढरं पडलेलं असेल तर खडकाला किंवा तळाला घासलंय. आणि ब्लेडने कापल्यासारखं सरळ साफ असेल तर तो बहुतेक करून दाताचा मासा आहे, बांगड्याच्या थव्याखाली सुरमई लागलीय. तुमचे लागलेले बांगडे अर्धे येतायत, शेपटीचा भाग गायब, ही पण तीच खूण.

तेव्हा रिग बदला. सुरमईला १० ते १५ सेंमीची बारीक एकेरी तार पुरते, त्याहून लांब कशाला. तारेला गाठ चालत नाही, हेवायर ट्विस्ट करायचा, म्हणजे दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या फिरल्या पाहिजेत, एक सरळ आणि दुसरी तिच्याभोवती असं झालं तर जोराच्या ओढीला ती घसरते. चार-पाच वळसे झाले की मग टोक काटकोनात घट्ट गुंडाळायचं आणि उरलेलं टोक पकडीने न कापता मागे-पुढे वाकवून मोडायचं, कापलं तर तिथे धारदार टोक राहतं आणि हात फाटतो.

स्विव्हल काळा आणि लहान घ्या. चकचकीत स्विव्हलवर सुरमई झडप घालते आणि तारेच्या वरून लाइन कापते, मग माणूस म्हणतो तार लावली तरी कापलं. मोठा स्नॅप पण त्याच कारणाने टाळा. टोला येतो पण लागत नाही, लुअरच्या मागच्या भागावर दातांचे ओरखडे, तर ती शेपटीवर मारतेय, गळ मागे पाहिजे, मेटल जिगला मागच्या बाजूने एक असिस्ट गळ (आखूड दोरीवरचा जादा गळ) लावा. वेग मात्र सोडू नका, किनाऱ्यावरून ओढताना रीळ जितका जलद फिरेल तितका फिरवा, बोटीमागे कडक लुअर ओढताना ५ ते ७ नॉट. सुरमई वेगाला घाबरत नाही.

तार लावल्यावर बांगडे कमी घेतात हे होणारच. दोन्ही एकाच रिगवर साधायचा प्रयत्न करू नका, दोन रॉड वेगळे ठेवा.

वापरलेली साबिकी परत चालते का

चालते, जर त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुतली तर. पाकिटात ओली ठेवली की गळ गंजतात आणि कातडी कडक होऊन मोडते. फोमच्या तुकड्यावर गुंडाळून, गळ फोममधे रुतवून, सावलीत वाळवायची. फांदीवर गळाच्या अगदी वर बोट फिरवा, खडबडीत लागलं तर ती फांदी बदला, तुटते तिथेच. आणि रिग गुंडाळतानाच पकडीने गळांच्या टोकामागचे उलटे काटे दाबून सपाट करून टाका. ताण ठेवून ओढलं तर त्याने मासे फारसे सुटत नाहीत, पण काढायला निम्मा वेळ लागतो, थवा असताना तोच वेळ कामाचा असतो, आणि लहान पिल्लू आलं तर ओल्या हाताने धरून लगेच परत सोडता येतं, कोरड्या हाताने धरलं तर त्याचे बारीक खवले आणि वरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि सोडलेलं जगायची शक्यता कमी होते.